अर्ज नेमका कुठे अडला? वंचितांसोबत काम करणारे कार्यकर्ते घडतात कसे

जवळजवळ प्रत्येक सरकारी अर्जावर ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. बहुतेकांना तो दिसतसुद्धा नाही, हात आपोआप चालतो. पण उड्डाणपुलाखाली राहणारं कुटुंब, वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारी आणि मालकाकडून पावती न मिळणारी बाई, घरातून काढून दिलेली तृतीयपंथी व्यक्ती या तिघांचाही अर्ज त्या एका रकान्यापाशी थांबतो. योजना चांगली असते, पैसा मंजूर असतो, कर्मचारीही वाईट नसतो. तरी माणूस बाहेरच राहतो.

‘सामाजिक समावेशन’ हा शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. शाळेतला प्रवेश, रेशन, दवाखान्यात नीट वागणूक, मतदार यादीत नाव, वस्तीच्या सभेत बोलायची संधी या गोष्टी काहींना न मागता मिळतात आणि काहींना मागूनही मिळत नाहीत. ज्यांना मिळत नाहीत त्यांचं नेमकं कुठे अडतं ते शोधायचं आणि तो अडथळा काढायचा, म्हणजे समावेशन. समाजकार्याच्या शिक्षणाचा मोठा भाग ही ‘नेमकं कुठे’ची नजर तयार करण्यात जातो, किंवा जायला हवा.

भारतात समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. नागपुरात मातृसेवा संघ समाजकार्य महाविद्यालय आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय ही सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. पदवी बीएसडब्ल्यू, पदव्युत्तर एमएसडब्ल्यू. आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्याचे, म्हणजे फिल्डवर्कचे, बाकीचे वर्गाचे. याशिवाय संस्था आपापल्या कार्यकर्त्यांना छोटी प्रशिक्षणं देतात. त्यातली दोन दिवसांची कार्यशाळा हा प्रकार सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी. फाइल मिळते, पेन मिळतो, जेवण बरं असतं, आणि सोमवारी कार्यकर्ता आधी होता तसाच वस्तीत जातो. हे काम सायकल शिकण्यासारखं आहे. कोणीतरी मागून धरायला लागतं, आणि बरेच दिवस लागतं.

पहिले तीन आठवडे अर्जाला हात लावायचा नाही

नव्या विद्यार्थ्याला मदतीची घाई असते. पहिल्याच दिवशी तो वही काढतो आणि विचारत सुटतो: घरात किती जण, उत्पन्न किती, रेशन कार्ड कोणतं? वस्तीने अशा वह्या खूप पाहिलेल्या असतात. ‘नाव लिहून नेता अन् मंग कोणी येतच नाही’ हे वाक्य राहाटेनगर टोळीपासून कामठी रोडपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत काम एकच: चालणं, बघणं, ऐकणं.

बघायचं म्हणजे काय, हेही शिकवावं लागतं. विद्यार्थ्याने वस्तीचा नकाशा हाताने काढावा. नळ कुठे, किती वाजता येतो, सार्वजनिक संडास कोणत्या गल्लीपासून किती पावलांवर, अंगणवाडी कुठे, रात्री दिवे कुठे नसतात, कोणती गल्ली कोणत्या गल्लीत जात नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात कठीण, कारण वस्ती बाहेरून एकसंध दिसते. आत गेल्यावर कळतं की नळाजवळची घरं एका समाजाची आहेत आणि नाल्याकाठची दुसऱ्या. बचतगट नळाजवळच्यांचा आहे आणि नाल्याकाठच्या बायकांना सभेचा निरोप मिळतच नाही. वंचितांमध्येही रांग असते. संस्थेची मदत बहुतेकदा रांगेतल्या पहिल्या चौघांपर्यंत पोचते, कारण ते बोलके असतात, मोकळे असतात आणि त्यांचं घर रस्त्यालगत असतं.

वेळेचंही गणित आहे. भंगार वेचणारी बाई पहाटे निघते आणि अकराच्या सुमारास परतते. धुणीभांडी करणारी दुपारी दोननंतर भेटते. बांधकामावरचे मजूर अंधार पडल्यावर. कॉलेजचं फिल्डवर्क मात्र अकरा ते चार. त्यातून नागपूरचं ऊन, दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. अशा वेळी गेलेला विद्यार्थी ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असं लिहून आणतो, तेव्हा पर्यवेक्षकाने विचारायचं असतं: किती वाजता गेला होतास?

पाणी, आडनाव आणि ‘तुम्ही’

घरभेटीत पहिल्या पाच मिनिटांत तीन परीक्षा होतात. त्या घरचे लोक घेतात, विद्यार्थ्याला मात्र कळतही नाही.

एक म्हणजे पाणी. पेला समोर येतो. ‘नको, आत्ताच प्यायलो’ हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून अपमान सोसला, त्या घराला त्याचा अर्थ वेगळा ऐकू येतो. पाणी घ्यावं. पोटाची काळजी असेल तर दोन घोट घ्यावेत, पण घ्यावेत. तब्येतीचं खरं कारण असेल तर ते नाव घेऊन सांगावं. गोलमोल नकार सगळ्यात वाईट.

दुसरी परीक्षा आडनावाची. विदर्भात ‘पूर्ण नाव सांगा’ हा पुष्कळदा जातीचाच प्रश्न असतो, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. वस्तीही विद्यार्थ्याला विचारते, ‘तुमचं आडनाव काय?’ इथे गडबडून जाऊ नये, लपवू नये, आणि ‘आम्ही जात मानत नाही’ असं भाषणही देऊ नये. नाव सांगावं आणि पुढे बोलावं. प्रशिक्षणात हा प्रसंग वर्गात मुद्दाम घडवून आणतात, कारण स्वतःच्या जातीबद्दल मोठ्याने बोलायची पहिली वेळ वस्तीत येऊ नये. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या विद्यार्थ्याला दयेची सवय सोडावी लागते. त्याच वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण उलटी: त्याला सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटतं, आणि लोकही त्याच्याकडून नातेवाइकासारखी अपेक्षा करतात. दोघांनाही शिकावं लागतं, फक्त वेगळं.

इथे नागपूरची एक खास गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर उत्तर नागपुरात घराघरांत चळवळ मुरली आहे. इंदोऱ्यात साठीच्या एखाद्या मावशी राज्यघटनेची कलमं तोंडपाठ म्हणून दाखवतील. तिथे ‘जनजागृती’ करायला गेलेला विद्यार्थी ऐकून परत येतो. ते चांगलंच आहे. हक्क माहीत नसणं आणि माहीत असून मिळत नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, औषधंही वेगळी.

तिसरी परीक्षा भाषेची. मराठी क्रियापदाला लिंग चिकटलेलं असतं. ‘आलास’ म्हणा की ‘आलीस’, समोरच्याबद्दल निवाडा होऊनच जातो. तृतीयपंथी व्यक्तीशी बोलताना ‘तुम्ही केव्हा आलात?’ हे रूप कामी येतं. मान राहतो आणि लिंग लपतं. पुढे त्या व्यक्ती स्वतःबद्दल ‘गेले’ म्हणतात की ‘गेलो’, ते ऐकून तसंच बोलावं. नाव विचारावं, सांगितलेलं नाव वापरावं, ‘खरं नाव काय’ असं कधीही विचारू नये. कागदासाठी जुनं नाव लागलंच तर ‘आधार कार्डावर कोणतं नाव आहे?’ असं विचारता येतं.

नोंद: वाक्य बदललं की काम बदलतं

घरभेटीची नोंद चोवीस तासांत लिहायची, हा जुना नियम. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत आठवण कमी आणि मत जास्त असतं. पण वेळेवर लिहूनही नोंद वाया जाऊ शकते. विद्यार्थी हमखास लिहितात तसं एक वाक्य घेऊ:

‘आई निरक्षर असून मुलाच्या शिक्षणाबाबत उदासीन आहे.’

या वाक्यातून काम निघत नाही. निघालंच तर आईचं ‘समुपदेशन’ निघतं, म्हणजे पहाटेपासून राबलेल्या बाईला शिक्षणाचं महत्त्व सांगणं. तीच भेट पर्यवेक्षकाने पुन्हा लिहायला लावली, मतं काढून फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं ठेवायला सांगितलं, की अशी होते:

‘मुलगा, वय ११. दुसऱ्या जिल्ह्यात तिसरीपर्यंत शिकला. दोन वर्षांपूर्वी कुटुंब इकडे आलं. आई दोनदा जवळच्या शाळेत गेली. दोन्ही वेळा जुन्या शाळेचा दाखला आणा असं तोंडी सांगितलं. गावी जाऊन यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. आई म्हणाली, आता तो मोठा झाला, लहान पोरांत बसायची त्याला लाज वाटते.’

आता आई उदासीन राहिली नाही, दोनदा शाळेत जाऊन आलेली बाई झाली. शिवाय दोन अडथळे समोर आले आणि दोन्हींवर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात उत्तर आहे. दाखला मिळायला उशीर होतो म्हणून प्रवेश थांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५मध्ये आहे. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४मध्ये. आणि कलम ४ सांगतं की शाळाबाह्य मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला तिसरीतल्या पोरांत बसायची गरजच नाही. लाजेचा प्रश्नही कायद्याने आधीच ओळखला होता. कार्यकर्त्याने मुख्याध्यापकांना भेटताना ही तीन कलमं छापून न्यावीत, आवाज मात्र चढवू नये. बहुतेक ठिकाणी कलम दाखवल्यावर काम होतं, आणि त्या शाळेशी पुढेही संबंध ठेवायचा असतो.

असा एक नोंदीचा सराव दर आठवड्याला, प्रत्येक विद्यार्थ्यासोबत निदान पाऊण तास, स्वतंत्र बसून. यालाच कॉलेजात ‘आयसी’ म्हणतात, वैयक्तिक चर्चा. एका पर्यवेक्षकाकडे आठ-दहापेक्षा जास्त विद्यार्थी असले की ही चर्चा सहीपुरती उरते. प्रशिक्षणाचा दर्जा बघायचा असेल तर इमारत बघू नका, हा आकडा विचारा.

कागदांची गुंतागुंत: जातीचा दाखला

समावेशनाच्या गप्पा शेवटी कागदापाशी येतात, आणि महाराष्ट्रात सर्वांत अवघड कागद जातीचा. कार्यकर्त्याला चार तारखा पाठ हव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यांना मानीव दिनांक म्हणतात. त्या तारखेला किंवा त्याआधी आपलं कुटुंब आताच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं आणि आपली जात हीच होती, हे अर्जदाराने दाखवायचं.

शेतजमीन असलेल्याला हे जमतं. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा जुना उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, काहीतरी सापडतं. पण ज्यांच्या जमातीला १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, ज्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला निघाला आणि ज्यांचे आजोबा पालावरच जन्मले, त्यांनी १९६१ सालचा कुठला कागद आणायचा? जे फिरतं ठेवलं गेलं, त्याच्याकडे स्थिरतेचा पुरावा मागणं, अशी ही गंमत आहे.

मग मार्ग काय? कार्यकर्त्याला शिकवायची ती शोधाची पद्धत. आधी वंशावळ काढायची, वडिलांकडून वर, कागदावर चौकोन काढून, प्रत्येकापुढे गाव आणि साधारण साल. आईकडची नाती इथे सहसा चालत नाहीत, हे आधीच सांगायचं, नाहीतर मामाच्या दाखल्यामागे दोन महिने जातात. मग त्या चौकोनांतलं कोणीही एक, चुलत आजोबासुद्धा, एक-दोन यत्ता तरी शिकलं का ते विचारायचं. असेल तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. रक्तनात्यातल्या कोणाला आधीच वैधता प्रमाणपत्र, म्हणजे समितीने दाखला तपासून दिलेला कागद, मिळालं असेल तर तो सर्वांत भक्कम आधार. काहीच नसेल तर अर्ज सोडून द्यायचा नाही. सक्षम अधिकाऱ्याला स्थानिक चौकशी करता येते, तशी लेखी विनंती जोडायची. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. वैधता तपासणारी समिती वेगळी, आणि अनुसूचित जमातींची आणखी वेगळी. चुकीच्या कार्यालयात महिना घालवणं ही नव्या कार्यकर्त्याची पहिली चूक असते.

नागपूरला आणखी एक पदर आहे. १९५६पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा इथून माणसं येत राहिली, आजही छत्तीसगडमधून बांधकामावर येतात. जे मानीव दिनांकानंतर आले, त्यांना जातीचा दाखला मूळ राज्याच्या नोंदीवरून मिळू शकतो, पण महाराष्ट्रातलं आरक्षण मिळत नाही. हे त्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगायला हवं. खोटी आशा दाखवून फेऱ्या मारायला लावणं हीही एक प्रकारची अडवणूकच.

आणि कागदावरच्या एका शब्दाचं वजन कळायला झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक विद्यार्थ्यांना दाखवावं. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलं आहे. त्यात आम्हीही येतो, असं म्हणत विधिमंडळावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ला चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये ‘गोवारी’ आणि ‘गोंड गोवारी’ वेगळे ठरवले. अर्ज भरताना जातीचं नाव ‘साधारण तेच’ असं लिहून चालत नाही ते यामुळे. जुन्या कागदावर जसं आहे तसं, काना-मात्रेसकट.

दुखणं, टक्के आणि गुप्तता

दिव्यांगांसाठीचा कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकार आहेत, आणि बहुतेक लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वावर मिळतात. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन नोंद, मग मेडिकल किंवा मेयोसारख्या रुग्णालयात तपासणी. इतकं माहीत असणं पुरेसं वाटतं, पण चुका पुढे होतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपल्यावर पेन्शन बंद पडते आणि बाई सहा महिन्यांनी सांगायला येते. म्हणून मुदतीची तारीख कार्यकर्त्याच्या वहीत आधीच हवी.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे आईवडील आणखी एका गोष्टीला अडतात. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान, आईची सही चालत नाही. बँक खाते बंद पडायच्या बेताला येतं. त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हा अर्ज अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर करायचा असतो, खातं अडल्यावर नव्हे. याच कायद्याखाली निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठीच. पायाने अधू असलेल्याला तो लागू नाही.

विदर्भात सिकलसेलबद्दल न शिकलेला कार्यकर्ता अर्धाच. हा आजार त्या २१ प्रकारांत आहे. पण ‘एसएस’ म्हणजे आजारी आणि ‘एएस’ म्हणजे नुसता वाहक, हा फरक अहवाल हातात धरून समजावा लागतो. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. प्रश्न येतो तो दोन वाहकांच्या लग्नात, कारण प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. आता कल्पना करा, विद्यार्थी दारात उभा राहून मोठ्याने म्हणतो, ‘ताई, तुमच्या मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट आणला.’ गल्लीने ऐकलं. मुलगी वाहकच होती, पण ‘त्या घरात ते आहे’ एवढंच पसरतं आणि स्थळं यायची थांबतात. रिपोर्ट बंद पाकिटात द्यायचा, आत बसून बोलायचं, आणि मुलगी सज्ञान असेल तर आधी तिच्याशी.

गंगा-जमुना या नागपुरातल्या देहविक्रीच्या वस्तीतल्या बायांसोबत काम करताना हीच काळजी दुप्पट. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या सन्मानाबद्दल निर्देश दिले. त्यात पत्त्याच्या पुराव्याशिवायही आधार कार्डाची सोय आहे: एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याने ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचं, आणि कार्डावरून व्यवसाय ओळखू येता कामा नये. लेखाच्या सुरुवातीच्या त्या ‘कायमचा पत्ता’ रकान्यावर निघालेलं हे एक खरं उत्तर.

गुप्ततेला एक मर्यादाही आहे आणि ती पहिल्या भेटीतच सांगायची असते. ‘तू मला काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही’ असं लहान मुलाला कधी म्हणू नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. म्हणून म्हणायचं, ‘तुला कोणी त्रास देत असेल तर तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्यांना सांगावं लागेल.’ १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ हवाच.

खिडकीवरचा सराव

वर्गात एक खेळ घ्यावा. तिघे जण: एक कारकून, एक अर्जदार, एक कार्यकर्ता. कारकुनाला सूचना द्यायची की ओरडायचं नाही, फक्त वर न बघता बोलायचं. दर वेळी तेच घडतं. दुसऱ्याच मिनिटाला कार्यकर्ता पुढे सरकतो, कारकून त्याच्याशी बोलू लागतो आणि अर्जदार दोघांच्या मागे भिंतीला टेकते. काम होतंही कदाचित. पण पुढच्या वेळी ती बाई एकटी जाणार नाही. ‘तुम्ही चला नं ताई’ हा निरोप येतो आणि कार्यकर्त्याला आपण फार हवेहवेसे झाल्याचं समाधान मिळतं. हे समाधान धोक्याचं आहे.

नियम साधे. खिडकीवर अर्जदार पुढे, कार्यकर्ता अर्धं पाऊल मागे. पहिलं वाक्य अर्जदाराचं; ते घरून ठरवून, दोनदा म्हणून आलेलं. कारकून कार्यकर्त्याकडे वळला तर कार्यकर्त्याने अर्जदाराकडे बघायचं. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे, आणि मुदत मोजली जाते ती पोचपावतीवरच्या तारखेपासून. तोंडी नकाराला कायद्यात किंमत नाही, म्हणूनच तो तोंडी दिला जातो. ‘साहेब, एवढं लिहून द्या’ या वाक्याने जितकी कामं होतात तितकी मोर्चानेही होत नसतील. नाकारलं किंवा मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण ही धमकी शेवटची ठेवावी.

काही वेळा खिडकीवरचा माणूस बरोबर असतो आणि नियमच माणसाला बाहेर ठेवतो. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांना ५०,०००. २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. इतक्या कमाईत नागपुरात कोणतंही घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्याला, देणाऱ्याला आणि जोडणाऱ्याला तिघांनाही ठाऊक असतं. विद्यार्थी विचारतात, मग खोटं लिहायचं का? कार्यकर्त्याने आकडा सांगू नये, सुचवू नये. खरी परिस्थिती मांडावी आणि तलाठ्याच्या चौकशीत ती नीट नोंदली जाईल एवढं बघावं. आणि नियमामुळे जे बाहेर राहिले त्यांची यादी ठेवावी, कारण मर्यादा वाढवा म्हणून मागणी करायची वेळ येते तेव्हा अशी यादी कोणाकडेच नसते. वकिलाची गरज पडली तर बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. क्रमांक १५१००.

फोटोबद्दल एकच वाक्य: मुलांचे चेहरे स्टेटसला जाणार नाहीत, मग देणगीदार कितीही मागो.

मार्च आला की

क्षेत्रकार्य मार्चच्या आसपास संपतं आणि विद्यार्थी परीक्षेला निघून जातो. वस्तीतलं अपील तेव्हा मध्यावर असतं. पुढच्या वर्षी नवा चेहरा, नवी वही आणि पुन्हा तोच प्रश्न: घरात किती जण? ‘कोणी येतच नाही’ ही तक्रार इथून जन्मते. त्यामुळे निघणं हाही अभ्यासक्रमाचा भाग धरावा लागतो. शेवटच्या सहा आठवड्यांत नवं कुटुंब घ्यायचं नाही. ज्यांचं काम चालू आहे त्यांना निरोपाची तारीख महिनाभर आधी सांगायची. सुरुवातीपासूनच एका विद्यार्थ्याकडे पाच कुटुंबांपेक्षा जास्त देऊ नयेत, नाहीतर हे निभत नाही.

प्रत्येक घरात एक प्लास्टिकची फाइल राहिली पाहिजे, कार्यकर्त्याच्या नव्हे तर त्या बाईच्या ट्रंकेत. वरती आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, त्याखाली पोचपावत्या तारखेच्या क्रमाने, त्याखाली वंशावळीचा चौकोनांचा कागद. मूळ कागद वेगळ्या पिशवीत, आणि ते कोणालाही द्यायचे नाहीत, संस्थेलाही नाही. फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात तीन ओळी: पुढची तारीख, कोणत्या ऑफिसात, कोणता कागद दाखवायचा. वाचता येत नसेल तर पोचपावतीच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका, आणि त्या रंगाचा अर्थ घरातल्या दोघांना सांगितलेला. नव्या विद्यार्थ्याने पहिल्या भेटीत वही काढण्याआधी ही फाइल बघायला मागायची.